पावसात खिडक्या उघडायला शिका

मी चिपळूणची. पावसाबद्दल मला कुणी काही शिकवावं अशी वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं पाहिलंय, मेअखेर कौलं चाळून घ्यायची आजोबांची लगबग पाहिलीय, आठ-आठ दिवसांची झड म्हणजे काय ते माहीत आहे. त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत, सिएटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये यायचं ठरलं आणि जो तो म्हणायला लागला, "तिकडे फार पाऊस असतो हं", तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते.

नवऱ्याने तर आकडाच काढून दाखवला. सिएटलला वर्षभरात साधारण १००० मिलीमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता. म्हणजे इथलं जवळजवळ अख्खं वर्ष तिथे एका दिवसात उरकलं. मी निर्धास्त झाले आणि तिथेच फसले.

कारण हे १००० मिलीमीटर वर्षातल्या दीडशेच्या आसपास दिवसांवर, त्यातही मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये पातळ पसरलेले असतात. आपला पाऊस कोसळतो, पागोळ्या लागतात, ओढे वाहतात आणि मग एखादा दिवस लख्ख उघडतो. इथला पाऊस भुरभुरतो. दिवसभर भुरभुरून रस्ता फक्त ओला करतो. थंडी म्हणावी तर तीही कडाक्याची नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा २ ते ८ अंशांत घुटमळतो, बर्फ वर्षातून एखाद-दोनदा. नोव्हेंबर सर्वांत ओला आणि जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. पंचांगच उलटं. पंचांगामागोमाग माझ्या कोकणातल्या सवयीही एकेक करून उलट्या ठरत गेल्या. अकरा हिवाळे झाले. यंदा भाचा इथे नोकरीला येतोय, त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. कुणाला उपयोगी पडलं तर घ्या.

खिडक्या

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती आपण सगळेच करतो.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका जुन्या अपार्टमेंटमध्ये होतो. बाहेर पाऊस, म्हणून मी खिडक्या घट्ट लावून बसायचे. आई तेच करायची. जुलैत खिडकी उघडली की ओल आत येते, पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, हे अंगात भिनलेलं. ड्रायरमध्ये कपडे आटतात म्हणून झोपायच्या खोलीत हीटरपाशी स्टँडवर वाळत घालायचे. आमच्याकडे शेगडीवर टोपली उपडी घालून बाळाचे लंगोट वाळवत, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. रोज सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं. मला वाटायचं, थंडी आहे, दव पडतं. जानेवारीत कपाटातली बॅग ओढली तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली आणि बॅगेत आईची अंजिरी रेशमी नऊवारी, तिच्या घड्यांवर पांढरी बुरशी. त्या लुगड्याने चिपळुणात लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने, तीस पावसाळे काढले होते. बॉथेलमध्ये त्याला तीन महिने काढता आले नाहीत.

घरमालकाचा माणूस आला, भिंत पाहिली आणि म्हणाला, खिडक्या उघडत जा. मला वाटलं, टाळतोय. (दुरुस्ती त्याने टाळलीच, पण सल्ला बरोबर होता.)

हिशेब असा आहे. कोकणातल्या जुलैत हवा २७ अंशांची आणि पाण्याने भरलेली. एक घनमीटर हवेत २० ग्रॅमच्या वर वाफ असते. सिएटलच्या जानेवारीत बाहेर ५ अंश. एवढ्या थंड हवेला पाणी पेलतच नाही. पाऊस पडत असतानासुद्धा तिच्यात घनमीटरमागे ६-७ ग्रॅमच वाफ असते. ती घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत येते. म्हणजे बाहेरची पावसाळी हवा तुमच्या घरातल्या हवेपेक्षा कोरडी आहे. डोळ्यांना पटत नाही, पण आहे. घरातली ओल बाहेरून आलेली नसते, ती आपणच केलेली असते. आपला श्वास, आंघोळी, वरणाचा कुकर, उकळता चहा हे सगळं हवेत जातं. एका धुण्याचे कपडे घरात वाळवले की दोनेक लिटर पाणी हवेत सोडलंत असं समजा.

मग करायचं काय? सकाळी उठल्यावर हीटर बंद करून समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडायच्या, दहा मिनिटं. फट ठेवून दिवसभर नाही, त्याने नुसती भिंत गार पडते आणि बिल वाढतं. पूर्ण उघडा, हवा बदलू द्या, बंद करा. भिंती आणि सामान तोवर गार पडत नाही, त्यामुळे खोली लगेच पुन्हा तापते. संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर पुन्हा एकदा.

न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन आंघोळीच्या आधी लावायचा आणि आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालू ठेवायचा. तो खरंच हवा ओढतो का हे तपासायला टिश्यू पेपरचा एक पदर जाळीला लावून पाहा. चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर घरमालकाला कळवा. शेगडीवरच्या हूडचंही तसंच. कित्येक अपार्टमेंटांत तो हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. वर हात धरून पाहा. तसं असेल तर कुकर लावताना जवळची खिडकी उघडी ठेवायची. फोडणीसाठी तशीही ठेवावीच लागते, शेजाऱ्यांचा नाही तर धुराच्या अलार्मचा विचार करून.

दहा-पंधरा डॉलरचा ह्युमिडिटी मीटर घ्या. माझ्या मते इथे आल्यावर घ्यायची ती पहिली वस्तू. आकडा ३० ते ५० मध्ये राहिला पाहिजे; ६०च्या वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकला तर कुठेतरी बुरशी धरायला सुरुवात झालीच समजा. आमच्या घरातला मीटर झोपायच्या खोलीत आहे, कारण रात्री बंद दाराआड दोन माणसांच्या श्वासानेच तो दहा टक्के वर सरकतो. तेव्हापासून आम्ही दार किलकिलं ठेवून झोपतो.

कपडे वाळवायचेच असतील तर न्हाणीघरात, फॅन लावून, दार बंद करून. पलंग, कपाट, सोफा बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. बाहेरच्या भिंतीतल्या कपाटाचं दार थोडं उघडं ठेवा आणि रेशमी कपडे त्यात अजिबात नकोत. ते घराच्या मधल्या कपाटात. न वापरत्या खोलीचा हीटर बंद करून दार लावून घेण्याची काटकसर करू नका, घरभरची वाफ जाऊन त्या गार भिंतीवरच बसते. काचेवर पाणी दिसलं तर पुसा, आणि पुसलेलं फडकं त्याच खोलीत वाळत घालू नका. हसू नका, मी घातलंय.

एवढं करूनही मीटर उतरत नसेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. नेहमीचा कॉम्प्रेसरवाला तापलेल्या खोलीत चांगला चालतो, पण गार गॅरेजमध्ये तो फारसं पाणी ओढत नाही. तिथे डेसिकंट, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ आत असलेल्या प्रकारचा लागतो. बुरशी दिसलीच, तर टणक पृष्ठभागावर साबणपाण्याने घासून कोरडी करा. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा अमोनियाचं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर स्वतः हात घालू नका. फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. नुसता वरून रंग मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. तो रंग पुढच्या नोव्हेंबरात गळून येतो.

अंगावर काय घालायचं

मी चिपळुणाहून लांब दांड्याची काळी छत्री आणली होती. दुसऱ्याच आठवड्यात बस स्टॉपवर तिचा कावळा झाला. नुसत्या वाऱ्याने झाला असता तर मी दुसरी घेतली असती. पण इथला पाऊस वरून येतच नाही. तो आडवा, खालून, गाडीच्या चाकावरून, कुठूनही अंगावर येतो. छत्रीखाली उभं राहूनही मांड्या भिजतात. इथली जुनी माणसं छत्री वापरत नाहीत आणि वापरणाऱ्याकडे पाहून हा नवीन आलाय हे ओळखतात. ओळखू देत. पण त्यांचं बरोबर आहे: टोपीवालं पावसाळी जाकीट, ज्याला इथे 'शेल' म्हणतात, तेच खरं.

शेल म्हणजे नुसता वरचा पातळ थर. ऊब त्याच्या आत वेगळी घालायची. जाड, आतून भरलेलं एकच जाकीट घेऊ नका. पिसांचं तर पावसासाठी नकोच, ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. शेल तुमच्या नेहमीच्या मापापेक्षा किंचित मोठा घ्या, आत स्वेटर मावला पाहिजे. आपल्या आयांनी विणलेले स्वेटर इथे अप्रतिम चालतात. लोकर ओली झाली तरी ऊब देते. जीन्स मात्र शत्रू. एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत पायाला चिकटून राहते. ऑफिसला चालत किंवा बसने जाणार असाल तर पातळ पावसाळी पँट बॅगेत असू द्या, आणि लोकरी मोज्यांचा एक जोड ऑफिसच्या खणात. मी एका दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते. माझ्या खणात बिलांच्या खाली मोजे असतात हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

दोन वर्षांनी शेल पाणी प्यायला लागला की लोक टाकून देतात. टाकू नका. त्याच्या कापडावर पाणी झटकणारा जो लेप असतो तो मळाने आणि घामाने निजतो. अशा कापडांसाठी मिळणाऱ्या साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर चुकूनही नको, आणि लेबलवर चालेल असं लिहिलेलं असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीस मिनिटं फिरवा. नंतर पाणी टाकून बघा: अळवाच्या पानावर नाचतात तसे थेंब नाचले पाहिजेत. नाही नाचले तर लेपाची फवारणी मिळते, ती मारा.

बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बदलायचे. हीटरवर ठेवले तर तळ सुटतो. दाराशी एक परात ठेवा बुटांसाठी. आमच्याकडे खरोखरची परात आहे, पुऱ्यांसाठी आणलेली, तिचं हे असं झालं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मी पैठणीवर शेल आणि खाली गमबूट घालून जाते, चपला पिशवीत. पार्किंगपासून हॉलच्या दारापर्यंत सगळ्याच बायका तशाच चाललेल्या असतात.

अंधार

पाऊस आणि ओल सांभाळता येते. मला पाडलं ते अंधाराने, आणि त्याबद्दल येण्याआधी मला कुणीही सांगितलं नव्हतं.

सिएटल ४७ अंश उत्तरेच्याही वर आहे. २१ डिसेंबरला सूर्य आठला पाच मिनिटं कमी असताना उगवतो आणि चार-वीसला मावळतो. साडेआठ तासांचा दिवस, तोही ढगांआड. त्या दिवशी चिपळुणात अकरा तासांचा दिवस असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडावं तर काळोख. इथले लोक या दिवसांना 'बिग डार्क' म्हणतात.

पहिल्या हिवाळ्यात मी संध्याकाळी सातला झोपायला लागले. चिवड्याचे डबे संपवायचे. आईचा फोन आला की उचलायचा कंटाळा. मला वाटलं, घरची आठवण येतेय. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसा बाहेर किती जातेस? मग त्यांनी समजावलं की ऋतूबरोबर येणारं असं नैराश्य असतं, १९८४मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, आणि त्यावर उजेडाचाच उपचार आहे.

मी आता काय करते ते सांगते. १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं माप) दिवा, अतिनील किरण गाळणारा. उठल्यावर पहिल्या तासाभरात वीस ते तीस मिनिटं, साधारण हातभर अंतरावर. नेमकं अंतर त्या दिव्याच्या कागदावर असतं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, तो बाजूला ठेवून चहा प्यायचा, पेपर वाचायचा. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल किंवा मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सुरुवात ऑक्टोबरातच करा. डिसेंबरात खड्ड्यात पडल्यावर दोर शोधायला वेळ लागतो.

दुसरं, दुपारी सव्वाबाराला बाहेर. पाऊस असो नसो, वीस मिनिटं. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर जेवढा उजेड असतो तो ऑफिसातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. "थांबला की जाऊ" म्हणालात तर मार्चपर्यंत आत बसाल. आपल्याकडे पाऊस थांबायची वाट बघण्यात अर्थ असतो. इथे वाट बघायची ती उजेडाची.

तिसरं, ड जीवनसत्त्व. एवढ्या उत्तरेला हिवाळ्यातला तिरपा सूर्य ते आपल्या कातडीत जवळजवळ तयारच करत नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला तर तसंही जास्त ऊन लागतं. रक्त तपासून घ्या आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांना ठरवू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मावशीला नाही. दोन आठवडे सतत मन लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. फारच काळोखं वाटलं तर अमेरिकेत कुठूनही ९८८ ही मानसिक संकटातल्या मदतीची फोनलाइन लावता येते.

आणि आकाशकंदील. कागदाचा नको, दोन दिवसांत लगदा होतो. प्लॅस्टिकचा किंवा कापडाचा, आत एलईडी, टायमरवर दुपारी चारला लागेल असा. आमचा दिवाळीला चढतो तो फेब्रुवारी संपता उतरतो. समोरच्या आजींनी एकदा विचारलं, तुमचा सण किती दिवस चालतो? मी सांगितलं, तुमचा काळोख चालतो तितके दिवस.

उघडीप

इथे एक शब्द आहे, 'सनब्रेक'. हवामानवाले तो अंदाजात गंभीरपणे वापरतात. मी महिनाभर अर्थ शोधत होते, मग कळलं, ही आपली उघडीप. ती आली की हातातलं काम टाकून उठायचं, हा इथला अलिखित नियम आहे. मीटिंगमधून लोक खिडकीकडे बघायला लागतात. रेनिअर पर्वत दिसला तर "माउंटन इज आउट" असं एकमेकांना सांगतात, जणू पाहुणा आलाय.

अंदाज वाचताना टक्क्यांकडे बघू नका. नोव्हेंबरात ते नेहमीच भरपूर असतात. शब्द बघा. 'रेन' म्हणजे झड, दिवसभर एकसारखी. 'शॉवर्स' म्हणजे सरी, मध्येमध्ये उघडीप. शॉवर्सच्या दिवशी सामान आणायला, मुलांना खेळायला बाहेर काढायला भरपूर फटी सापडतात. रडारवर पुढचा तास दिसतो, तेवढा पुरे.

बॉथेल, लिनवूड, एव्हरेट या पट्ट्यात राहणार असाल तर आणखी एक गंमत. समुद्रावरून येणारा वारा ऑलिंपिक पर्वतांना आपटून दोन वाटांनी वळसा घालतो आणि त्याचे दोन्ही फाटे आमच्या डोक्यावर येऊन भेटतात. सिएटलच्या दक्षिणेला ऊन आणि आमच्याकडे पाऊस, असं वीस मैलांत होतं. याला कन्व्हर्जन्स झोन म्हणतात. मैत्रीण रेंटनहून फोन करते, "काय सुरेख ऊन पडलंय!" तेव्हा मी तिच्याशी फार बोलत नाही.

गाडी आणि वादळ

गाडीच्या काचा आतून धुरकटल्या की हीटरबरोबर एसीही लावा, तो हवा कोरडी करतो, आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. घरातलाच नियम. वायपर ऑक्टोबरात बदला. हेडलाइट दिवसाही चालू. पावसाळी संध्याकाळी काळा शेल घालून रस्ता ओलांडणारा माणूस दिसतच नाही, म्हणून चालणाऱ्यांनी शेल उजळ रंगाचा घ्यावा आणि मुलांच्या दप्तराला चमकणारी पट्टी लावावी. शाळेत मधल्या सुट्टीत पावसातही मुलांना बाहेर सोडतात, तेव्हा त्यांना गमबूट आणि जास्तीचे मोजे हवेतच.

नोव्हेंबर-डिसेंबरात वादळं येतात. जमीन पाण्याने भुसभुशीत झालेली असते, उंच फर झाडं मुळासकट कोसळतात आणि तारा तोडतात. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या वादळाने सहा लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. आम्ही तीन दिवस मेणबत्तीवर होतो. बॅटऱ्या, पॉवर बँक, पाणी, घोंगड्या आणि मेतकूट हाताशी ठेवा. गाडी मोठ्या झाडाखाली लावू नका.

आणि हे नीट वाचा: वीज गेली म्हणून घरात कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर कधीही पेटवू नका, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. २००६च्या डिसेंबरातल्या वादळानंतर इथे कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, आणि त्यांतली बरीच आपल्यासारखीच दुसऱ्या देशातून आलेली, शेगडीची सवय असलेली होती. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा, बॅटरीवर चालणारा.

काहीच चालेनासं झालं तर

फेब्रुवारीत असा एक आठवडा येतो की दिवा, चालणं, गोळी, काही चालत नाही. तेव्हा आमचे तीन उपाय आहेत.

व्हॉलंटिअर पार्कमधलं काचघर, १९१२ सालचं. आत ताडमाड, नेचे, उबदार ओली हवा. दारातून शिरताच चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर परसदारी आल्यासारखं वाटतं. त्याच सुमारास आर्बोरेटममधल्या हिवाळी बागेत विचहेझल फुलते, पानं नसलेल्या फांद्यांवर पिवळ्या दशा आणि वास थेट रस्त्यापर्यंत.

दुसरा, पावसाला शिव्या देण्यापेक्षा त्याच्याकडेच जायचं. स्नोक्वाल्मी धबधबा, २६८ फूट. उन्हाळ्यात तो शहाण्या मुलासारखा असतो. मोठ्या पावसानंतरच्या दोन दिवसांत जा, समोरच्या कठड्यावर उभं राहिलं तरी तुषारांनी चिंब करतो. परशुरामच्या सवतसड्याची आठवण मला फक्त तिथे येते.

तिसरा आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे घाट ओलांडणं. चिपळूणकरांना हे सांगायला नको: कोकणात झड लागलेली असताना कुंभार्ली घाट चढून पार कराडपर्यंत उतरावं, तर रस्ते कोरडे आणि आभाळ उघडं. इथे आय-९० रस्त्याने स्नोक्वाल्मी खिंड, ३००० फुटांची. तासाभरात वर बर्फ, आणि पलीकडे क्ली एलम, एलेन्सबर्ग. एलेन्सबर्गला वर्षाचा पाऊस २३० मिलीमीटरच्या आसपास, आपल्या माणदेशाहूनही कमी. जानेवारीत कधीकधी तिकडच्या दरीत धुकं अडकून बसतं, म्हणून निघण्याआधी तिथला कॅमेरा बघा. खिंडीची स्थिती राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर दिसते. टायरच्या साखळ्या गाडीत असू द्या आणि त्या आधी घरच्या अंगणात एकदा चढवून बघा. खिंडीत, अंधारात, बर्फात पहिल्यांदा चढवताना नवरा-बायकोमध्ये जे होतं ते लिहिण्यासारखं नाही.

पाहुणे

आईवडिलांना डिसेंबरात बोलावू नका. सुट्ट्या असतात म्हणून आम्ही आईला पहिल्यांदा तेव्हाच आणलं. रोज सव्वाचारला ती खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "दिवेलागण झाली गं." देवापाशी दिवा लावून, शुभंकरोति म्हणून व्हायचं, आणि घड्याळात साडेचार. जेवणं आठला. मधल्या साडेतीन तासांचं काय करायचं हे तिला महिनाभर कळलं नाही.

दुसऱ्या वेळी तिकीट जूनअखेरचं काढलं. तेव्हा इथे सूर्य नऊनंतर मावळतो. सूर्य असताना दिवा लावायचा नाही आणि दिवा लागल्याशिवाय जेवायचं नाही, असा तिचा हट्ट. सुट्टीभर आम्ही रात्री साडेनऊला जेवलो.